गोधडी : झिजलेल्या कापडाची कला

जुनी लुगडी, विरलेली धोतरे आणि चोळीच्या खणांची कात्रणे यांतून तयार होणारी गोधडी आजवर घरातली एक गरज म्हणूनच ओळखली गेली. गेल्या पन्नास वर्षांत जगातील मोठ्या कलासंग्रहालयांनी मात्र अशा शिवणकामाला भिंतीवर जागा दिली आहे. बारामती-इंदापूर परिसरातील गोधडीकडे निर्मितीक्षमता आणि नाजूकपणा या दोन अंगांनी पाहण्याचा हा प्रयत्न.

मराठी भाषेने चिंधीला फारसा मान दिलेला नाही. क्षुद्र वस्तूला आपण चिंधी म्हणतो, आणि अब्रूचे वाभाडे निघाले की तिच्या चिंध्या झाल्या असे म्हणतो. आवाक्याबाहेरच्या कामाला ‘आभाळाला ठिगळ लावणे’ हाच वाक्प्रचार आपल्याला सुचतो. मात्र त्याच भाषेत द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला बांधलेली चिंधी भक्तीची खूण ठरते. ठिगळांची वस्त्रे अंगावर घेऊन गावोगाव स्वच्छतेचा पाठ देणाऱ्या गाडगे महाराजांना लोक ‘गोधडे महाराज’ म्हणूनही ओळखत. इंदापूरहून भीमा ओलांडली की कर्जत तालुका लागतो. त्या कर्जतचे ग्रामदैवत आहेत संत गोदड महाराज. म्हणजे एकीकडे फाटक्या कापडाची लाज आणि दुसरीकडे त्याच कापडाला आलेले पावित्र्य, अशा दोन टोकांमध्ये आपल्या समाजमनातली गोधडी पसरलेली आहे. ‘कला’ हा शब्द या दोन्ही टोकांना फारसा भेटला नाही. घराबाहेर पडून पाहिल्यावरच त्याचे महत्त्व कळते.

बारामती आणि इंदापूर हे तालुके आज उसासाठी ओळखले जातात. नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचले, पण ते सर्वांच्या शिवारात पोहोचले नाही. कालव्याखालची बागायत आणि त्यापलीकडची जिरायत असे दोन स्वभाव या तालुक्यांत शेजारी शेजारी नांदत आले. जिरायत भागात मेंढपाळी होती, म्हणून लोकरीची घोंगडी होती. घरोघर जुनेरे होते, म्हणून गोधडी होती. या दोहोंत गल्लत करू नये. घोंगडी मागावर विणली जाते आणि तिच्यामागे धनगर-सनगरांचे पिढीजात कसब असते. गोधडी शिवली जाते आणि तिच्यामागे बहुधा घरातल्याच बाईचा हात असतो. घोंगडी बाजारात विकत मिळे, गोधडी मात्र घरातल्या माणसांच्या अंगावरूनच यावी लागे.

ऊब येते कुठून?

गोधडीची रचना वरवर दिसते तितकी साधी नाही. रजईत दोन कापडांमध्ये पिंजलेला कापूस भरतात. गोधडीत असे वेगळे भरण नसते. तिथे कापडाचे थर हेच भरण असते. खाली अस्तर म्हणून एखादे धड लुगडे, मध्ये विरलेली धोतरे, साड्या, चादरी, आणि वर पुन्हा एखादे लुगडे किंवा तुकड्यांची जुळणी अशी ही मांडणी असते. ऊब खरे म्हणजे कापडात नसते; ती थराथरांमध्ये अडकून पडलेल्या हवेत असते. ही हवा जागच्या जागी धरून ठेवायची तर थर सरकता कामा नयेत आणि एकमेकांवर दाबलेही जाता कामा नयेत. टाक्याचे खरे काम हेच आहे. टाका फार दाट झाला तर गोधडी ताठ होते, आणि विरळ राहिला तर आतले कापड गोळा होऊन एका कोपऱ्यात जमते. हे प्रमाण शिवणारीचा हात अनुभवातून शिकलेला असतो.

कापड ओसरीवर किंवा अंगणात अंथरून, ताणून, कोपऱ्यांवर काही वजन ठेवून जुळवणी केली जाते. अनेक घरांत काठाकडून सुरुवात करून धावदोऱ्याच्या रांगा आत आत नेल्या जातात, आणि चौकोनात चौकोन होत शेवटचा टाका मध्यभागी पडतो. काही ठिकाणी सरळ समांतर रांगा घालतात. टाके घालताना दोरा थोडा ओढला जातो आणि कापडावर बारीक सुरकुत्यांची लाट उठते. गोधडीवर हात फिरवताना जो स्पर्श जाणवतो तो या लाटेचा. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात तीही काठाकडून मध्याकडेच, आणि तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी घडीची फुले लावतात. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, राजस्थान-गुजरातची रल्ली ही सारी याच कुळातली भावंडे होत.

थोडा हिशेब मांडून पाहू. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्याच्या चार समान घड्या केल्या तर दोन मीटरहून थोडे अधिक लांबीचे चार थर मिळतात, म्हणजे एका माणसाच्या अंगावर पुरेल एवढी गोधडी एका लुगड्यातून उभी राहू शकते. टाक्यांच्या रांगांत दोन सेंटिमीटर अंतर धरले तर दोन मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद गोधडीवर धावदोऱ्याची एकूण लांबी सुमारे एकशेदहा मीटर भरते. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून दोन सेंटिमीटर धरली तर टाक्यांची संख्या साडेपाच हजारांच्या घरात जाते. मिनिटाला दहा टाके पडले तरी नुसते टाके घालायला नऊ तासांहून अधिक वेळ लागतो. त्यात धुणे, निवडणे, फाडणे आणि जुळवणे धरलेले नाही. हा वेळ एका बैठकीत कधीच मिळत नसे. शेतातली कामे उरकली, दुपारची भांडी झाली की जे तास-दीड तास हाती लागत त्यांतून गोधडी पुढे सरके. तिच्यात कापडाचे तुकडे जोडलेले असतात तसे वेळेचेही.

अडचणीतून सुचणारे

निर्मितीक्षमता म्हणजे मोकळीक, अशी आपली एक ठाम समजूत आहे. कोरा कागद, हवे ते रंग आणि भरपूर वेळ असला म्हणजे कला घडेल, असे आपण मानतो. गोधडी ही समजूत खोडून काढते. शिवणारीला रंग निवडण्याचे स्वातंत्र्य नसते. घरात जे फाटले त्याचाच रंग तिच्या वाट्याला येतो. आकारही तिच्या हातात नसतो, कारण कापड जिथे विरले तिथून ते फाडावे लागते. आणि तरीही दोन बायकांनी सारख्याच बोचक्यातून शिवलेल्या दोन गोधड्या कधी सारख्या होत नाहीत. एकीने हिरवट तुकड्यांमध्ये एकच लाल खण ठेवलेला असतो. दुसरीने शंकरपाळ्यासारखे तिरके काप जोडून सारा पृष्ठभाग हलता केलेला असतो. तिसरीने लुगड्याचा काठ वाया जाऊ नये म्हणून तो चौकटीसारखा चारही बाजूंनी फिरवलेला असतो. यांतला कोणता निर्णय काटकसरीचा आणि कोणता सौंदर्याचा, हे सांगता येणार नाही. दोन्ही एकाच वेळी, एकाच हाताने घेतलेले असतात.

बारामतीकरांना हे नवे वाटू नये. आयुष्याचा मोठा काळ याच गावी काढणारे मोरोपंत (१७२९-१७९४) यांनी एकच रामकथा पुन्हापुन्हा लिहिली आणि प्रत्येक वेळी स्वतःला एक नवी अडचण घालून घेतली. त्यांच्या नावावर एकशेआठ रामायणे सांगितली जातात. त्यांतील ‘निरोष्ठ रामायणा’त तर ओठांना ओठ लावून उच्चारायचे एकही अक्षर येऊ न देण्याचा नेम त्यांनी पाळला. पंतांनी अडचण हौसेने पत्करली, गोधडी शिवणाऱ्या बाईवर ती परिस्थितीने लादली, हा फरक मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. पण कुंपण आखले की त्यातूनच वाट काढण्याची जी बुद्धी जागी होते, ती दोन्हीकडे एकच आहे.

नदीचे एक वळण तिकडचे, एक इकडचे

शिवलेले पांघरूण भिंतीवर टांगून चित्रासारखे पाहावे, हा विचार जगातही फार जुना नाही. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये अमेरिकी क्विल्टचे एक प्रदर्शन भरवले. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेली ती पांघरुणे आधुनिक अमूर्त चित्रांप्रमाणे मांडली होती. चित्रकार ज्या आकार-रंगांपर्यंत विसाव्या शतकात पोहोचले, तिथे शेतकरी घरांतल्या बायका त्याआधीच पोहोचल्या होत्या, हे त्या भिंतींवर प्रथमच ठळकपणे दिसले.

मात्र आपल्याला अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण आहे ते अलाबामा राज्यातील जीज बेंड या खेड्याचे. नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या या वळणावर पूर्वीच्या गुलाम कृष्णवर्णीयांचे वंशज राहतात. तिथल्या अनेकांचे पेटवे हे आडनावदेखील जुन्या मळेवाल्या मालकाचे. जुन्या विजारी, सदरे, पिठाची पोती यांतून तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पांघरुणे शिवत आल्या. १९४२ मध्ये मिझुरी पेटवे या बाईने आपल्या दिवंगत नवऱ्याचे कामाचे कपडे उसवून त्यांचे एक पांघरूण केले. गुडघ्याशी विटलेल्या विजारी, उसवलेल्या खिशामागे उरलेला गडद चौकोन, सारे त्यात तसेच ठेवले. वडिलांचे धोतर आणि आईचे लुगडे गोधडीत ओळखू येते, हा अनुभव असणाऱ्या मराठी माणसाला हे पांघरूण समजावून सांगावे लागत नाही. कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता पाठ्यपुस्तकात वाचलेल्या मुलांनाही ते समजेल.

जीज बेंडचा इतिहास आणखी एका ठिकाणी आपल्या भीमेला येऊन मिळतो. १९६० च्या दशकात अलाबामा नदीवरील धरणाच्या कामाने त्या गावाची चांगली शेतजमीन पाण्याखाली गेली. मताधिकाराची मागणी होऊ लागताच १९६२ मध्ये पलीकडच्या तालुक्याच्या गावाला जोडणारी नावही बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. इकडे उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळा या तालुक्यांतील भीमाकाठची गावे जलाशयात गेली. पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाणी फार आटले की आजही वर येते आणि लोक ते पाहायला जातात. घर सोडताना माणसे देव, भांडी आणि अंथरूण-पांघरूण बरोबर घेतात. दगडी घराच्या भिंती नेता येत नाहीत, पण गोधडीचे बोचके मात्र डोक्यावर घेता येते. नाजूक म्हणून जिला कमी लेखले तीच वस्तू अशा वेळी सगळ्यात टिकाऊ ठरते, कारण ती हलवता येते.

हाच गुण एका मोठ्या चित्रकर्तीने जाणीवपूर्वक वापरला. न्यूयॉर्कच्या फेथ रिंगगोल्ड (१९३०-२०२४) यांनी तिबेटी थांगका पाहिल्यावर चित्र कापडावर आणि कापडाच्या चौकटीत करण्याचा मार्ग धरला. गुंडाळून कुठेही नेता येईल असे चित्र त्यांना हवे होते. शिवणकामात कुशल असलेल्या आईच्या साथीने त्यांनी १९८० मध्ये पहिले क्विल्ट केले आणि पुढे त्यावर गोष्टी लिहिल्या. बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांच्या परिसरात दर हंगामात बीडकडून ऊसतोडणीला येणारी कुटुंबे कोपीत जे पहिले सामान उतरवतात त्यातही गोधडी असते. सहा महिन्यांच्या त्या घरात तिच्याइतकी ‘आपली’ म्हणावी अशी दुसरी वस्तू क्वचितच असते.

नाजूकपणाचे दोन अर्थ

कापड हे माध्यम मुळातच मरणाधीन आहे. सूत हे वनस्पतीचे तंतू असतात. सूर्यप्रकाशाने ते कुजके होतात, ओलाव्याने त्यांवर बुरशी धरते, आणि घडीच्या रेषेवर ते आधी तुटतात. लोहयुक्त काळ्या रंगाने रंगवलेला भाग शेजारच्या रंगांपेक्षा लवकर झडतो. म्हणून संग्रहालयात जुने वस्त्र अगदी मंद प्रकाशात मांडतात, काही महिन्यांनी ते उतरवून अंधारात विश्रांतीला ठेवतात, आणि घडी न घालता नळीवर गुंडाळतात. या काळजीने कापड शतके तग धरू शकते. अंबाजोगाईला दासोपंतांची (१५५१-१६१५) पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा या कापडावर पंतांनी ‘पंचीकरण’ हा विषय लिहून-रेखाटून मांडला. चारशे वर्षांपूर्वीचे ते पांघरण्याच्या जातीचे कापड आज ग्रंथ म्हणून आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

गोधडीचे जगणे मात्र नेमके याच्या उलट आहे. ती रोज अंगाखाली-अंगावर घेतली जाते, मुलांकडून ओली होते, ओढ्यावर किंवा विहिरीवर आपटून धुतली जाते आणि कडक उन्हात वाळते. ती विरली की तिच्यावर आणखी एक थर चढतो. तोही विरला की ती पुढच्या गोधडीच्या पोटात जाते. संग्रहालय वस्तूला वापरापासून दूर ठेवून वाचवते, तर घर तिला वापरत राहून आणि दुरुस्त करत राहून वाचवते. पहिल्या पद्धतीत वस्तू टिकते. दुसरीत वस्तू संपते पण शिवण्याची रीत टिकते. गणपतीची मूर्ती दरवर्षी विसर्जित होते आणि म्हणूनच मूर्तिकाराचा हात दरवर्षी चालतो. अंगणातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते, म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता येते. गोधडी याच परंपरेतली. तिचा नाजूकपणा हा दोष नसून तिच्या पुनर्जन्माची अट आहे.

माणसाच्या देहाचा नाजूकपणा आणि कापडाचा नाजूकपणा यांचे नाते कलावंतांना फार खोल जाणवलेले आहे. शांतिनिकेतनात शिकलेल्या वस्त्रकलाकार प्रिया रवीश मेहरा (१९६१-२०१८) यांनी उत्तर प्रदेशातील नजीबाबादच्या रफूगारांचे काम अनेक वर्षे अभ्यासले. चांगला रफू दिसत नाही, त्यामुळे रफूगारही दिसत नाही. ही अदृश्य माणसे लोकांसमोर आणण्याचे काम त्यांनी केले. कर्करोगाशी झुंजत असताना त्यांच्या स्वतःच्या कलाकृतींत रफू हा देह सांधण्याचाही विषय झाला. लुईझ बुर्ज्वा (१९११-२०१०) यांचे बालपण जुनी भित्तिवस्त्रे दुरुस्त करणाऱ्या घरात गेले. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी आपल्याच साठवलेल्या कपड्यांतून आणि रुखवतातल्या कापडांतून २००२ मध्ये एक कापडी पुस्तक केले. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनमध्ये एड्सने गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ एक हजार नऊशे वीस शिवलेले फलक अंथरले गेले. प्रत्येक फलक तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब, म्हणजे थडग्याच्या मापाचा होता. दुःख व्यक्त करायला त्या लोकांनी दगड न निवडता कापड निवडले, कारण कापडाला माणसाच्या अंगाची सवय असते.

आपल्याकडे ही सवय जन्मापासूनची आहे. तान्ह्या बाळासाठी दुपटे आणि कुंची मऊ जुन्या लुगड्याचीच हवी, नव्या कापडाची नको, असा जाणत्या बायकांचा आग्रह असे. त्यामागे व्यवहार होता, कारण वारंवार धुतलेले सुती कापड मऊ होते आणि घाम टिपते. पण पिढ्यांचा स्पर्श बाळापर्यंत पोहोचावा, ही भावनाही त्यात होतीच. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते तेव्हा काटेवाडीत परीट समाजाकडून तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात. अंगावरचे साधे सुती वस्त्र देवाच्या पायाखाली येते. कापडाची एवढी समज असलेल्या प्रदेशात गोधडीला कला म्हणायला आपण संकोचावे, हे नवल आहे.

नाव कोणाचे, मोल कोणाचे?

तरीही ‘गोधडी भिंतीवर टांगा’ एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही. भिंतीवर गेलेल्या वस्तूखाली नाव लागते आणि तिला किंमत येते. हे नाव कोणाचे आणि ती किंमत कोणाला?

जॉर्जियातील हॅरिएट पॉवर्स ही गुलामीत जन्मलेली बाई. बायबलमधील कथा कापडाच्या आकृत्यांनी सांगणारे तिचे पांघरूण १८८६ मध्ये एका कापूस-मेळाव्यात जेनी स्मिथ या कलाशिक्षिकेने पाहिले आणि विकत मागितले. पॉवर्सने नकार दिला. पुढे ओढगस्त आली तेव्हा तिने ते अवघ्या पाच डॉलरला दिले, आणि नंतर ते पाहायला ती त्या घरी जात राहिली. आज ते स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. तिचे नाव आपल्याला माहीत आहे, कारण विकत घेणारीने तिने सांगितलेले अर्थ लिहून ठेवले. बंगालमध्ये मानदासुंदरी या एकोणिसाव्या शतकातील बाईने वडिलांसाठी केलेल्या कांथेवर आपले नाव टाक्यांनीच भरले. कोलकात्याजवळच्या गुरुसदय संग्रहालयामुळे ती कांथा प्रसिद्ध झाली. अशा सह्या विरळाच. जीज बेंडची पांघरुणे २००२ मध्ये ह्यूस्टन आणि मग व्हिटनी येथे प्रदर्शित झाली, २००६ मध्ये अमेरिकी टपाल तिकिटांवरही आली. पण २००७ मध्ये तिथल्या काही शिवणाऱ्या बायकांनी मोबदला आणि हक्क यांवरून कलावस्तूंचे संग्राहक असलेल्या आर्नेट कुटुंबावर दावे लावले. ते दावे २००८ मध्ये मिटले. कौतुक आणि न्याय एकाच गाडीने येत नाहीत, हा धडा त्यातून घ्यावा लागतो.

महाराष्ट्राच्या गोधडीची दखल घेणारे काम झालेच नाही असे नाही. मुंबईच्या क्विल्टकार गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर केलेले सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले ते फ्रान्समधील एका प्रकाशनसंस्थेकडून. पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर वेचून रोजच्या वापरातही कला असते हे सिद्ध केले आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. पितळेचा दिवा सापडला की तो उचलून ठेवावा असे आपल्याला आता वाटते. विरलेल्या गोधडीबद्दल मात्र तसे वाटत नाही. धातू टिकतो म्हणून त्याला मोल, आणि कापड झिजते म्हणून ते फेकायचे, हा आपला हिशेब झाला. शिवाय अडकित्त्यामागे कारागीर दिसतो, गोधडीमागे दिसते ती ‘घरातली बाई’. तिने केलेल्या कामाला काम म्हणायची सवयच आपल्याला उशिरा लागली.

बोचक्यातले कापड बदलले

खरा पेच त्याही पुढचा आहे. गोधडी ज्या कापडावर उभी होती ते कापडच घरातून नाहीसे होत चालले आहे. नऊवारी लुगडे आणि धोतर रोजच्या वापरातून गेले. कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या फाटत नाहीत, पण मऊही होत नाहीत; घाम टिपत नाहीत, थर एकमेकांवरून घसरतात. अशा साड्यांचीही गोधडी शिवली जाते, पण ती सुती गोधडीसारखी अंगाशी येत नाही. त्यातच गुबगुबीत, फुलाफुलांची यंत्रावरची ब्लँकेटे आठवडे बाजारात स्वस्त मिळू लागली. एका ब्लँकेटच्या किमतीत कोण नऊ-दहा तास टाके घालील, हा प्रश्न कठोर असला तरी रास्त आहे.

दुसरीकडे बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत हायटेक टेक्स्टाइल पार्क उभे राहिले. केंद्राच्या २००५ मधील एकात्मिक वस्त्रोद्योग पार्क योजनेतील हा प्रकल्प असून तेथे परिसरातील महिला मोठ्या संख्येने काम करतात. ज्या हातांनी आजीच्या वेळी धावदोरा घातला, त्याच घरांतील हात आज यंत्रावर बाही जोडतात आणि महिन्याला पगार घरी नेतात. यात हळहळण्यासारखे काही नाही. गरिबीतून आलेली कला टिकावी म्हणून गरिबी टिकावी, असे कोणी म्हणू नये. मात्र तयार कपड्यांच्या उद्योगात, मग तो कुठलाही असो, कापड बेतल्यावर कात्रणे उरतातच. गोधडीचे शास्त्र या शिलकीला उत्तर देऊ शकते. टाकाऊ कापड हा आज जगापुढचा मोठा प्रश्न आहे, आणि त्याचे एक उत्तर आपल्या आज्यांना ‘पर्यावरण’ हा शब्द माहीत नसतानाही ठाऊक होते.

गावोगाव आणि शहरांतही गोधड्या शिवून घेण्याची हौस अलीकडे परतली आहे. बचत गटांच्या प्रदर्शनांत त्या दिसतात, समाजमाध्यमांवरून विकल्या जातात. इथे ग्राहक म्हणून आपली जबाबदारी सुरू होते. वर मांडलेला टाक्यांचा हिशेब लक्षात ठेवून भाव करावा. भेट मिळालेल्या किंवा विकत घेतलेल्या गोधडीच्या एका कोपऱ्यात शिवणारीचे नाव, गाव आणि साल टाक्यांनी घालून घ्यावे. घरातली जुनी गोधडी टाकण्यापूर्वी तिच्यातले तुकडे कोणाच्या अंगावरचे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. ती फारच विरली असेल तर उन्हात टांगू नये. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावी आणि अधूनमधून वाऱ्यावर उलगडावी. आणि घरात एखादी शिवणारी अजून असेल, तर एक लहानशी का होईना, नवी गोधडी तिच्याबरोबर बसून शिवावी. टाक्यांमधले अंतर आणि दोऱ्याचा ताण पुस्तकातून कळत नाही, तो शेजारी बसूनच कळतो.

कलेला शाश्वताची ओढ असते असे म्हणतात, आणि लेणी, मंदिरे, शिलालेख त्याची साक्ष देतात. गोधडी दुसरीच साक्ष देते. जे झिजणार आहे हे आधीच माहीत आहे, त्यावरही मन लावून साडेपाच हजार टाके घालता येतात, आणि ते कोणाच्या तरी एका थंडीच्या रात्रीसाठी पुरेसे असते. पळसनाथाचे दगडी देऊळ पाण्याखाली जाऊनही उभे आहे, म्हणून ते आपल्याला थोर वाटते. त्या गावातून बाहेर पडलेल्या बोचक्यांमधल्या गोधड्या आज बहुधा उरलेल्या नसतील. पण त्यांच्याखाली झोपलेली मुले मोठी झाली, आणि त्यांतल्या कोणाच्या तरी घरी धावदोरा अजून चालू असेल. तो थांबू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.